एक जूनची माणसं

स्तंभ १ : नाव

शनिवारी दुपारी कुलूप लागलं तेव्हा सात माणसं कपाटात होती. सोमवारी सकाळी कुलूप निघालं तेव्हा नव्हती.

माणसं म्हणजे त्यांची सेवापुस्तकं. पण जलवितरण मंडळाच्या अंधेरी विभागात या दोहोंत फारसा फरक करत नसत. माणूस नोकरीला कधी लागला, रजा किती खाल्ल्या, जन्मला कधी, जाणार कधी, सगळं त्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत. वही असली की माणूस आहे. नुसता माणूसच आला तर त्याला बाकावर बसवून ठेवत.

सातही जण चावीवाले. रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडून, पुरुषभर उंचीची चावी आत घालून, गल्लीगल्लीला पाणी सोडणारे. सातही जण येत्या शुक्रवारी, एकतीस मे एकोणीसशे पंच्याऐंशीला, निवृत्त होणार होते. आणि मंडळाचा नियम असा, की पुस्तकाच्या शेवटच्या पानावर सही झाल्याशिवाय निवृत्तीचा हुकूम निघत नाही.

मुख्य कचेरीतून दक्षता विभागाची हेडक्लार्क उत्तरा पेडणेकर सोमवारी दुपारीच येऊन दाखल झाली. पंचेचाळीशीची, किरकोळ अंगाची, खांद्याला कापडी पिशवी. हरवलेले कागद शोधण्यात तिचं नाव होतं.

"बाई आल्या," दारातला शिपाई आत बघून ओरडला. "आता मेलेली फाईलसुद्धा उठून बसणार."

हे खरं ठरणार आहे, हे तेव्हा ना त्याला माहीत होतं ना तिला.

स्तंभ २ : ओळखीची खूण

रेकॉर्डरूममध्ये तीन भिंतींना तीन घोडे होते, म्हणजे वह्या ठेवायच्या फळ्यांच्या मांडण्या. डावीकडचा कपाटबंद, त्यावर पाटी: चालू. समोरचा उघडा: निवृत्त. उजवीकडे, खिडकीपासून सगळ्यात दूर, तिसरा: मयत. तिन्ही पाट्या एकाच हाताच्या. टपोरं, उजवीकडे किंचित कललेलं अक्षर.

ते अक्षर रेकॉर्डकीपर शिवदास खरातचं. पस्तीस वर्षं हा माणूस या खोलीत होता.

"कुलूप फोडलेलं नाही," उत्तरा म्हणाली.

"नाही."

"किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे, एक दिघेसाहेबांकडे. लेखाधिकारी."

"शनिवारी आत कोण आलं होतं?"

शिवदासने वही पुढे केली. दोनच नावं होती. भाऊराव सरवदे, युनियनचा सेक्रेटरी. आणि दशरथ धाकू घाडीगावकर, चावीवाला. हरवलेल्या सातांपैकीच एक.

"हा कशाला आला होता?"

"आमसुलं द्यायला. गावाहून आणली होती. त्याच्या हातात पिशवी होती, तेही लिहिलंय बघा."

"तुम्ही सगळंच लिहिता?"

"तेवढ्याचाच तर पगार घेतो, बाई."

तिने नमुन्यादाखल कपाटातलं एक पुस्तक काढून उघडलं. पानांतून वाळलेला, पण अजून हिरवा असा पाला तिच्या पदरावर पडला.

"कडुनिंब," शिवदास म्हणाला. "कसर लागू नये म्हणून. पाडव्याला लोक डहाळी आणतात, मी पोतं आणतो. दर वर्षी जुना काढायचा, नवा घालायचा."

"सगळ्या पुस्तकांत?"

"चालू आणि निवृत्त. मयतांना नाही पुरत." तो पहिल्यांदाच थोडा हसला. "आणि त्यांचं आणखी काय वाईट करणार आहे कसर?"

स्तंभ ३ : जबाब

युनियनचा भाऊराव सरवदे खुर्चीत बसला नाही, टेबलाच्या कोपऱ्यावर बसला.

"बाई, मी चोर असतो ना, तर अख्खं कपाट नेलं असतं. भंगारात भाव तरी आला असता. वह्या काय चाटायच्यात?"

"पुस्तकं हरवली की बोंबाबोंब होते. बोंबाबोंब तुमच्या कामाची."

"मान्य. पण किल्ली कुठाय माझ्याकडे?" त्याने शर्टाचे खिसे उलटे करून दाखवले. मग आवाज खाली आला. "तुम्हाला योजना माहिताय ना?"

मंडळात कुणाला माहीत नव्हती? आजवर निवृत्त होणाऱ्याला फंड मिळायचा: एकदाच रक्कम, मग रामराम. मार्चमध्ये नवा ठराव आला. एक जूनला जो नोकरीत असेल त्याला मरेपर्यंत दरमहा पेन्शन, त्याच्यामागे बायकोला. एक जूनला जो नसेल त्याला जुनाच फंड.

"एक दिवस," भाऊराव म्हणाला. "माझे चावीवाले एका दिवसाने चुकले. कोर्टानेच अडीच वर्षांपूर्वी सांगितलंय, तारखेची रेघ मारून पेन्शनवाल्यांचे दोन तुकडे करू नका म्हणून."

"मग जा की कोर्टात."

"वकील म्हणतो, तो निकाल ज्यांना मुळात पेन्शन आहे त्यांचा. आपले पडले फंडवाले. लढू म्हणतो, दहा वर्षं लागतील. चावीवाला रिटायर झाल्यावर दहा वर्षं टिकलेला तुम्ही बघितलाय? मी नाही बघितला यार."

लेखाधिकारी नंदकुमार दिघे यांचा जबाब उत्तराच्या वहीत असा आहे. प्रश्न तिने लिहून घेतले नाहीत.

"हो, किल्ली माझ्याकडे आहे. ही काय."

"मला काय फायदा? पुस्तकं नसली तर मी हुकूम काढू शकत नाही. शुक्रवार उलटला तर सात माणसं फुकट योजनेत शिरतील. नुकसान माझंच."

"तो नियम? मीच लिहिलाय."

"रेघ कुठेतरी मारावीच लागते, बाई. आज एक दिवसवाल्याला घेतलं तर उद्या दोन दिवसवाला दारात उभा."

"एक जूनच का? ठरावात तसं आहे म्हणून."

"हो, हिशेबाचं वर्ष एक एप्रिललाच सुरू होतं. मग?"

"चहा थंड होतोय तुमचा."

स्तंभ ४ : जन्मतारीख

मंगळवारी संध्याकाळी ती दहिसरला गेली. नदीच्या अलीकडे बैठ्या चाळी, शेवटून तिसरी खोली दशरथची. तो दारातच स्टुलावर बसला होता. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली उतरलेला. पस्तीस वर्षं चावी फिरवली की खांदा असाच उतरतो. पुस्तकात ओळखीची खूण म्हणून गालावरचा तीळ लिहिला असणार. खांदा भरतीच्या दिवशी सरळ होता.

"या बाईनू, बसा," तो म्हणाला आणि खोकला. खोकला बराच वेळ चालला. आतून त्याची बायको शेवंती पाणी घेऊन आली. तिने तांब्या आधी नवऱ्याला दिला, मग पाहुणीला.

"पुस्तक तुम्ही नेलंत का?" उत्तराने सरळच विचारलं.

"माका वाचूक येत नाय. नेऊन काय करू? चुलीत घालू?"

"पिशवीत काय होतं?"

"आमसुलां. खरातभाऊंका आवडतत. जाताना पिशवी तशीच रिकामी घेऊन गेलंय, विचारा तेंका."

शेवंती मध्येच म्हणाली, "बाई, ती पेन्शन गावतली काय ओ?"

उत्तराने पिशवीतून वही काढली.

"फंड आमचो उचल घेऊन घेऊन खोलीत गेलो," शेवंतीने पायाने जमीन दाखवली. "ही खोली. आणि धाकट्या चेडवाचा लगीन. ऱ्हवलेलो तो ह्यांच्या औषधाक. हे गेले तर माका कोण? म्हणून इचारतंय."

"अगे, मी हय बसलंय मा!" दशरथ म्हणाला.

"बसलास म्हणूनच इचारतंय. उद्या खय इचारू?"

दोघंही हसली. उत्तराला हसता आलं नाही.

"दशरथभाऊ, तुमचा जन्म एक जूनचा?"

"कागदावर." त्याने हात झटकला. "आवस सांगायची, नारळी पुनवेक. बाप खाडीवर नारळ सोडूक गेलेलो, हय मी इलंय. भरतीच्या टायमाक तसाच सांगितलंय मी. तो लिवणारो म्हणालो, पुनवेची तारीख खय शोधत बसू? एक जून लिवलान. आमका सगळ्यांकाच एक जून."

"लिहिणारा कोण होता?"

पहिल्यांदाच दशरथने उत्तर द्यायला वेळ घेतला. त्याने शेवंतीकडे बघितलं.

"पस्तीस वर्षां झाली, बाईनू," तो म्हणाला. "आठवत नाय."

आईने सांगितलेली पौर्णिमा ज्याला आठवते, त्याला हे आठवत नव्हतं.

स्तंभ ५ : एकूण

बुधवारी सकाळी तिने दोन वह्या मागवल्या. एक निवृत्तीची यादी, एक एकोणीसशे पन्नासची भरतीची नोंदवही.

यादीत एकतीस मेला जाणारे सात नव्हते. आठ होते.

आठही जणांची जन्मतारीख एक जून सत्तावीस. अठ्ठावन्न पुरी होतात त्या महिन्याच्या अखेरीस माणूस निवृत्त होतो; जन्म एक तारखेचा असला तर आदल्याच महिन्याच्या अखेरीस, असा कायदा. गावाकडून आलेल्या ज्या कुणाला तारीख ठाऊक नव्हती त्याला मास्तराने किंवा कारकुनाने एक जून देऊन टाकली होती, आणि म्हणून अर्धं मंडळ दर वर्षी एकतीस मेला घरी जात होतं.

आठवं नाव: शिवदास खरात, रेकॉर्डकीपर. त्याचं पुस्तक कपाटात जागच्या जागी होतं.

"म्हणूनच खरात नाही, बाई," शिपाई म्हणाला. "तो चोर असता तर पहिलं स्वतःचं नेलं असतं. त्यालाही पेन्शन गेलीच की."

उत्तराने भरतीची नोंदवही उघडली. टपोरं, उजवीकडे किंचित कललेलं अक्षर. जन्मतारखेच्या रकान्यात शाईने एकाखाली एक: १ जून. १ जून. १ जून. आणि समासात, इतक्या बारीक पेन्सिलीने की कागद उजेडाला तिरका धरावा लागला:

*नारळी पुनव.*
*गौरी जेवल्या त्या दिवशी.*
*भात झोडताना, खळ्यात.*
*दसरा.*
*श्रावण, दुसरा सोमवार.*
*श्रावण.*
*दिवाळीची पहिली आंघोळ.*

सात नावं. सातही एक जूनच्या नंतरची.

तिने वही मिटली. रेकॉर्डरूमच्या दारात थोडी थांबली. मग आत जाऊन सरळ उजवीकडे, खिडकीपासून दूर असलेल्या घोड्याकडे गेली आणि एकेक पुस्तक काढून झटकू लागली. पहिल्यातून तपकिरी भुगा पडला. दुसऱ्यातून काहीच नाही. तिसऱ्यात कसरीने कुणा मेलेल्या माणसाची अर्जित रजा खाल्ली होती.

एकोणिसाव्या पुस्तकातून हिरवा पाला पडला.

स्तंभ ६ : सही

"अजून सहा आहेत," मागून शिवदास म्हणाला. "त्याच फळीवर. शोधायचे कष्ट नकोत."

तो दाराशी उभा होता. पळणाऱ्या माणसासारखा नव्हे, डबा खायची वेळ झालेल्या माणसासारखा.

"पाला काढून टाकायचात," उत्तरा म्हणाली.

"काढला होता. मग मनात आलं, चार दिवसांत कसर लागली तर? मयतांच्या शेजारी ठेवलीयत. परत घातला."

"घरी का नाही नेली?"

"घरी नेली असती तर चोरी झाली असती." त्याला हा प्रश्नच विचित्र वाटला. "रेकॉर्ड रेकॉर्डरूमच्या बाहेर गेलेलं नाही, बाई. शनिवारी एक तारीख. शनिवारी सापडली असती. चुकीच्या घोड्यावर गेली, म्हातारा झालाय खरात, असं म्हणाले असते. तोवर हुकूम निघाला नसता आणि एक जून नोकरीत उजाडला असता."

उत्तरा स्टुलावर बसली. हातातलं पुस्तक दशरथचं होतं.

"दिघेंकडे किल्ली होती, पण पुस्तकं हरवून त्यांचंच नुकसान. भाऊरावना गोंधळ हवा होता, पण किल्ली नव्हती, आणि समासातली पेन्सिल त्यांनी कधी बघितली नव्हती. हे सात कोणते, हे फक्त ज्याने सातांना विचारलं होतं त्यालाच माहीत. ते अक्षर तुमचं."

"तेवीस वर्षांचा होतो. रांग दरवाजाच्या बाहेर गेलेली. साहेब म्हणाले, आटप. पंचांग बघायला कुणाला वेळ? लिहिली एक जून. पेन्सिलीने लिहून ठेवलं, म्हटलं फुरसतीत तारखा काढू. फुरसत यंदा मिळाली."

"आणि आठवं? स्वतःचं का ठेवलंत? सगळे म्हणतायत, म्हणून खरात निर्दोष."

"माझी आई सांगायची, महाडला तळ्याचा सत्याग्रह झाला, त्यानंतर दोन महिन्यांनी तू. म्हणजे मे. मास्तरांनी जून लिहिला." त्याने खांदे उडवले. "माझी तारीख जवळपास खरीच आहे, बाई. खऱ्या हिशेबानेही मी एकतीस मेलाच जातो. मला कुठल्या तोंडाने घेता येईल?"

चोराने स्वतःला चोरीतून वगळलं होतं, कारण ते खोटं झालं असतं. एवढ्या एका कारणाने तो सापडला होता.

"अजून एक आहे," तो म्हणाला. "तुम्ही विचारलं नाहीत. फेब्रुवारीत दिघेसाहेबांनी यादी मागवली. एकतीस मेला सगळ्या मंडळात किती जण जातायत. मी सुवाच्य अक्षरात करून दिली. एकशे एकोणीस. तोवर साहेबांनीच केलेला ठरावाचा मसुदा एक एप्रिलचा होता, मीच टाइप करायला नेला होता. माझी यादी गेली आणि मार्चमध्ये ठराव आला तो एक जूनचा."

बाहेर कुणीतरी नळ सोडला. पाण्याला हवेचा ठसका लागून मग धार सुरू झाली.

"पन्नास साली एकदा लिहिलं आणि यंदा एकदा," शिवदास म्हणाला. "दोन्ही वेळा अक्षर चांगलं आलं."

उत्तराने दशरथचं पुस्तक पुन्हा मयतांच्या फळीवर ठेवलं. पाला उचलून आत घातला.

"आज बुधवार," ती म्हणाली. "मला रोजच्या रोज अहवाल द्यावा लागतो. शोध चालू आहे, असं लिहीन. दोन दिवस."

स्तंभ ७ : अहवाल (खोडलेला)

~~शोध चालू आहे. विभागातील तिन्ही घोडे तपासले. पुस्तके आढळली नाहीत.~~

~~शोध चालू आहे. शनिवारपर्यंत पूर्ण होईल.~~

~~शोध चालू आहे.~~

स्तंभ ८ : शिक्षा असल्यास

गुरुवारी दुपारी दिघ्यांनी तक्रार दिली. तासाभरात पोलिसांनी साकीनाक्याच्या नाक्यावरून, झाकण उघडं, चावी आत, अशा अवस्थेत दशरथला उचललं. वहीत शनिवारी शेवटचं नाव त्याचं होतं. हातात पिशवी होती, हेही लिहिलेलं होतं. शिवदासच्याच अक्षरात.

त्या दिवशी चार गल्ल्यांना पाणी आलं नाही. व्हॉल्व अर्धाच फिरला होता.

उत्तरा दिघ्यांच्या खोलीत शिरली तेव्हा भाऊराव आधीच टेबल बडवत होता.

"साहेब, खोकून मरेल तो कोठडीत!"

"पुस्तकं उद्या बाराच्या आत आली तर तक्रार मागे घेतो," दिघे शांतपणे म्हणाले. "नाहीतर रेकॉर्डच्या चोरीत बडतर्फी. बडतर्फ माणसाला फंडातला मंडळाचा वाटाही मिळत नाही. तोही नियम आहे." मग त्यांनी उत्तराकडे बघितलं. "बाई, तुमचा शोध चालू आहे ना?"

"एकशे एकोणीस," ती म्हणाली.

दिघ्यांनी चष्मा काढला. भाऊरावला बाहेर जायला सांगितलं. दार लागल्यावर म्हणाले, "खरातने सांगितलं वाटतं. बसा. मी राक्षस नाही. फंडात जेवढा पैसा आहे तेवढ्यात दोन हजार माणसांची योजना जेमतेम बसते. पहिल्याच वर्षी एकशे एकोणीस म्हातारे आत घेतले, ज्यांनी योजनेत एक दमडी भरलेली नाही, तर पाच-सहा वर्षांत ती बुडते. मग तरुणांनाही काही नाही. मी रेघ दोन महिने सरकवली. योजना वाचली."

"आणि माणसं?"

"कुठलीतरी माणसं रेघेच्या पलीकडे राहतातच. माझ्या रेघेवर अध्यक्षांची सही आहे, शिक्का आहे. तुमचा चोर कोण आहे ते तुम्ही शोधा."

चूक कुठे आहे ते तिला दाखवता येईना. हिशेब बरोबर होता.

बाहेर बाकावर शेवंती बसली होती. नुसती माणूस, पुस्तकाशिवाय. उत्तराला बघून उठली आणि तिने हात धरला.

"बाई, माका पेन्शन नको. कायच नको. तेंका घरी हाडा."

तिच्या मागे, रेकॉर्डरूमच्या दारात शिवदास उभा होता. त्याने ऐकलं. डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

स्तंभ ९ : निवृत्तीचा दिनांक

शुक्रवारी दहाला शिवदासने सात पुस्तकं दिघ्यांच्या टेबलावर ठेवली.

"चुकीच्या घोड्यावर गेली होती, असं मी लिहिते," उत्तरा घाईने म्हणाली. "मला सापडली. चूक कुणाचीही—"

"पोलिसांना नाव लागतं, बाई," शिवदास म्हणाला. "नाहीतर दशरथचं तसंच राहील." त्याने कागद मागून घेतला आणि टपोऱ्या अक्षरात स्वतःविरुद्धचा जबाब लिहिला. कुठे खाडाखोड नाही. खाली तारीख घातली, ३१ मे.

अकराला तो निलंबित झाला. निलंबित माणूस निवृत्त होतो, पण चौकशी संपेपर्यंत त्याचा फंड अडकतो. चौकशी किती चालते ते उत्तराला ठाऊक होतं. तिच्याच विभागात चालते.

बाराला हुकूम निघाले. दशरथ तीनला सुटून आला. चारला निरोप समारंभ झाला. सात शाली, सात नारळ. दिघ्यांनी भाषण केलं: या मंडळींनी पस्तीस वर्षं उपनगराची तहान भागवली. दशरथ पहिल्या रांगेत मांडीवर नारळ घेऊन बसला होता. उजवा खांदा खाली, नारळ डाव्या हातात. त्याने दोनदा मागे वळून रेकॉर्डरूमच्या दाराकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं.

उत्तराने भरतीच्या नोंदवहीतली ती पानं नक्कल करून अध्यक्षांकडे पाठवली. सातांच्या जन्माचा समकालीन पुरावा उपलब्ध आहे, फेरविचार व्हावा. तीन आठवड्यांनी कागद परत आला. समासात लाल शाईत एक ओळ होती:

पेन्सिलीने केलेली नोंद ही नोंद नव्हे.

स्तंभ १० : शेरा

ऑगस्टच्या अखेरीस खरातच्या चौकशीसाठी ती पुन्हा अंधेरीला आली. रेकॉर्डरूममध्ये नवा माणूस होता. त्याने तिला निवृत्तांच्या घोड्यावरचं एक पुस्तक दाखवलं.

"हे हलवायचंय, बाई. दहिसरहून कळवलंय. सोमवारी वारला. नारळी पौर्णिमा शुक्रवारी होती ना, त्याच्या चार दिवस आधी. बायको आली होती, पेन्शन मिळते का विचारायला. मी म्हटलं, मावशी, तुमचा माणूस फंडात गेला. नोकरीत असताना गेला असता तर तुम्हाला मिळाली असती."

आईने सांगितलेल्या तिथीने दशरथ धाकू घाडीगावकरला अठ्ठावन्न पुरी व्हायला चार दिवस होते. खऱ्या हिशेबाने तो नोकरीत असतानाच वारला होता.

"द्या इकडे," ती म्हणाली. "मी ठेवते."

उजवीकडे, खिडकीपासून दूर, त्या फळीवर जागा रिकामीच होती. मे महिन्यात याच पुस्तकाची होती, तीच. तिने पुस्तक उघडून बघितलं. पाला आत होता, आता तपकिरी, पण सबंध. शेवटच्या पानावर दिघ्यांची सही, शिक्का, एकतीस मे.

"पाला काढून टाकू का?" नव्या माणसाने विचारलं. "कचरा होतो."

"राहू दे," उत्तरा म्हणाली, आणि दशरथला त्याच्या जागी ठेवलं.